चाळिशीनंतरचा सा

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या मराठी घरांत हे चित्र नेहमीचं आहे. लहानपणी वर्ष-दोन वर्षं गाण्याचा क्लास झालेला असतो. मग दहावी येते, नोकरी येते, लग्न, मुलं, आईवडिलांची आजारपणं, आणि पेटी कपाटावर जाऊन बसते. पंचेचाळिशीत मुलं पुण्या-बंगळूरला शिकायला गेली की घर शांत होतं आणि जुनी इच्छा पुन्हा डोकं वर काढते. तिच्यामागोमाग घरातल्याच कुणाचा तरी प्रश्न येतो: "आता? या वयात?"

नुसता धीर देऊन या प्रश्नाचं उत्तर होत नाही. भीती कुठून येते, गळा कसा चालतो, रोज काय आणि किती करायचं, पाय कुठे घसरतो, हे माहीत असलं की पेटी खाली काढायचा धीर होतो. उदाहरण ख्यालगायनाचं घेतलं आहे, कारण ग्वाल्हेरात राहून दुसरं कुठलं घ्यावं! पण भीतीबद्दल जे लिहिलं आहे ते पोहायला, वकिलीची परीक्षा द्यायला किंवा सायकलवर नर्मदा परिक्रमेला निघणाऱ्यालाही बरंचसं लागू पडेल.

कान पुढे, गळा मागे

आठ वर्षांची मुलगी क्लासला बसते तेव्हा तिचा कानही कच्चा असतो आणि गळाही कच्चा असतो. दोघं बरोबरीनं वाढतात. आपला सा किती हलतोय हे तिला कळतच नाही, त्यामुळे ती बिनधास्त गाते.

मोठ्या माणसाचं तसं नसतं. तीस-पस्तीस वर्षं आकाशवाणी ऐकलेली असते, नाट्यपदं ऐकलेली असतात, डिसेंबरात तानसेन समारोहाला थंडीत शाल गुंडाळून रात्री काढलेल्या असतात. चांगला लागलेला सा म्हणजे काय हे कान पक्कं ओळखतो. गळ्यानं मात्र तो सा कधी सलग दहा सेकंदसुद्धा धरलेला नसतो. पहिल्या दिवशी गळा सा लावतो आणि कान तो नापास करतो. माणूस निष्कर्ष काढतो की "माझ्यात गाणंच नाही." खरं तर आपलं चुकतंय हे ऐकू येतंय, म्हणजे निम्मी शिदोरी आधीच गाठीला आहे. ज्याला आपला बेसूर ऐकूच येत नाही त्याला शिकवणं कितीतरी अवघड असतं.

प्रौढ वयातली भीती मुख्यतः या अंतरातून येते. ते अंतर सरळ रेषेत कमी होत नाही, ही गोष्ट आधी सांगून ठेवणं आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. रियाज सुरू झाला की गळा सुधारतो, पण कान त्याहून भराभर तीक्ष्ण होतो. दुसऱ्या महिन्यात "बरं जमतंय" म्हणणारा माणूस सहाव्या महिन्यात "आधी बरं होतं, आता बिघडलं" म्हणायला लागतो. बिघडलेलं काहीच नसतं. पूर्वी न दिसणाऱ्या चुका आता दिसू लागलेल्या असतात. क्लास सुटतात ते बहुधा याच सुमाराला. म्हणून पहिल्या दिवशी दोन मिनिटांचा सा आणि आरोह-अवरोह फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, आणि सहा महिने त्याला हात लावू नका. त्या वाईट दिवसात तीच फाईल उघडायची आहे.

रेकॉर्डिंग ऐकून पहिल्यांदा जो धक्का बसतो त्याचंही कारण साधं आहे. बोलताना-गाताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खालचे, भरदार सूर जास्त पोचतात. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा भाग नसतो, म्हणून तो आवाज पातळ आणि परका वाटतो. सगळ्यांना वाटतो. आठ-दहा वेळा ऐकला की परकेपणा जातो.

तुलना कुणाशी करायची हेही ठरवून घ्यावं. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांचा जन्म १८९३चा, वडील शंकरराव पंडित स्वतः मोठे गवई, गाणं घरातच. त्यांच्याशी आपली तुलना करण्यात काही अर्थ नाही. उपयोगाची उदाहरणं वेगळी आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे १८६० साली जन्मले, पेशानं वकील होते. सतार आणि बंदिशी ते तरुणपणापासून शिकत होते, म्हणजे सुरुवात शून्यातून नव्हती. पण ज्या कामासाठी, म्हणजे राग-बंदिशी गोळा करून लिहून ठेवण्यासाठी, आज त्यांचं नाव घेतलं जातं त्याकरता देशभराचे दौरे त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर केले. १९०४ साली ते दक्षिणेत गेले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. आणि आपल्या गावातलंच उदाहरण हवं असेल तर राजाभैया पूछवाले. जन्म १८८२चा, १९१७ साली पस्तिशीच्या आसपास आणि गवई म्हणून नाव झालेलं असताना, ते मुंबईला जाऊन भातखंड्यांपुढे स्वरलिपी, म्हणजे गाणं कागदावर लिहिण्याची पद्धत, शिकायला विद्यार्थी म्हणून बसले. पुढच्याच वर्षी, १९१८ला, इथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झालं आणि तिथे त्यांनी शिकवलं. नामवंत गवयानं पाटी-पेन्सिल घेऊन पुन्हा पहिलीत बसावं, यातला अवघडपणा मोठ्या वयात शिकणाऱ्यालाच नीट कळेल.

आपला सूर कोणता

पहिली तांत्रिक चूक इथेच होते, आणि ती इतकी नकळत होते की माणूस महिनोन्महिने आपल्याच गळ्याला दोष देत राहतो.

क्लासमध्ये मुलांची बॅच काळी चार किंवा काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीची ती काळी पट्टी सा धरून, गात असते. पन्नाशीचा पुरुष त्याच बॅचमध्ये बसला तर एकतर त्याला ओढून-ताणून वर गावं लागतं, नाहीतर एक सप्तक खाली उतरून पुटपुटावं लागतं. दोन्हींत गळ्याचं नुकसान. साधारणपणे पुरुषांचा सूर पांढरी एक ते काळी दोन यांच्यामध्ये आणि बायकांचा पांढरी पाच ते काळी पाच यांच्यामध्ये बसतो, पण हा फक्त अंदाज. आपला सूर असा शोधा: पेटीवर एक सा धरा, तिथून सावकाश खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या पपर्यंत, उतरा. तो पंचम कुजबुजीसारखा न होता स्वच्छ ऐकू आला पाहिजे. मग वर तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या गपर्यंत, जा. तिथे मान ताणली जाऊ नये, भुवया वर जाऊ नयेत. खाली अडलं तर सूर अर्ध्या पट्टीनं चढवा, वर अडलं तर उतरवा. हे सकाळी उठल्या-उठल्या करू नका, तेव्हा आवाज खाली बसलेला असतो. संध्याकाळी, तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि जो सूर तिन्ही दिवशी निघेल तो घ्या.

वयाबरोबर आवाज बदलतो, हेही मोकळेपणानं बोलायला हवं. बायकांचा आवाज पाळी थांबण्याच्या सुमाराला अनेकदा थोडा खाली येतो. लग्नाआधी काळी पाचमध्ये गाणाऱ्या काकू आता काळी चार किंवा पांढरी पाचमध्ये सुखानं गातात, आणि वर्षभर उगाच जुन्या पट्टीशी झगडून रडवेल्या झालेल्या असतात. पट्टी उतरवणं म्हणजे हार नव्हे. श्रोत्याला पट्टी ऐकू येत नाही, ताण मात्र लगेच ऐकू येतो.

बेसूर म्हणजे काय ऐकायचं

"सुरात गा" असं सगळे सांगतात, पण काय ऐकायचं ते सांगत नाहीत. काळी एकचा मध्य सप्तकातला पुरुषी सा म्हणजे सेकंदाला साधारण १३९ कंपनं. तानपुरा १३९वर वाजतोय आणि तुमचा गळा १४१वर आहे, तर दोन आवाज एकमेकांत मिसळत नाहीत. सेकंदाला दोनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. एक लाट जाणवते, वाँऽव-वाँऽव अशी. गळा १४०वर आला की लाट संथ होते, सेकंदाला एकच. आणि १३९वर पोचला की लाट थांबते, तुमचा आवाज तानपुऱ्यात विरघळतो आणि क्षणभर वाटतं की आपण गायचं थांबलो की काय. सा लागला तो असा. एकदा ही लाट ऐकू आली की पुढे कुणाला विचारावं लागत नाही.

ही लाट ऐकू न येण्याची दोन कारणं नेहमी आढळतात. एक, तानपुरा अगदी हळू लावून त्यावर मोठ्यानं गाणं. तानपुरा बुडाला तर तुलना कशाशी करणार? आवाज तानपुऱ्याइतकाच ठेवा, जरा कमीच. दुसरं कारण फोन. तानपुऱ्याची ॲप चांगली आहेत, पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. काळी एकचा खर्ज, म्हणजे मंद्र सा, ७० कंपनांच्या आतबाहेर असतो, तो फोनमधून कुठून निघणार! बरा वेगळा स्पीकर जोडा आणि तो समोर न ठेवता बाजूला, कानाच्या उंचीवर ठेवा. खरा तानपुरा घरात असेल तर फारच छान: पहिली तार मंद्र पंचमात, मधल्या दोन जोडाच्या तारा सामध्ये, चौथी खर्जात. घोडीवर तारेखाली सुताचा जो धागा असतो तो केसभर पुढे-मागे सरकवला की जवारी खुलते, तारेतून गुंजन उठतं. बोटानं अगदी हलकेच सरकवायचा. तांदळाच्या दाण्याएवढा सरकला तरी तार पुन्हा मुकी होते. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून, गंधाराची वेगळी तार नसतानाही, गंधार ऐकू येतो. त्या गंधाराकडे लक्ष द्या. पेटीवरचा गंधार याच्यापेक्षा किंचित चढा असतो, म्हणून फक्त पेटीवर शिकलेल्यांचा भूप किंवा यमन ऐकताना कुठेतरी खुपत राहतं. पेटी स्वर शोधायला घ्या, स्वर लावायला तानपुरा.

आणखी एक नेहमीची घसरण: श्वास संपत आला की सूर उतरतो, कारण फुप्फुसांतून येणारा दाब कमी होतो. दम संपेपर्यंत सा ताणायचा हट्ट मोठी माणसं फार करतात. चौथा हिस्सा श्वास शिल्लक असतानाच थांबा. आठ सेकंदांचा स्थिर सा पंधरा सेकंदांच्या डगमगणाऱ्यापेक्षा कधीही चांगला.

रोजची पंचवीस मिनिटं

रविवारी तीन तास आणि आठवडाभर काही नाही, असा रियाज मोठ्या वयात फुकट जातो. गळ्याचे स्नायू आणि मेंदू यांच्यातली जोडणी थोड्या-थोड्या, रोजच्या सरावानं बसते, मधल्या झोपेत ती पक्की होते. पंचवीस मिनिटं रोज, आठवड्यातले सहा दिवस. वेळ ठरवताना घरच्यांचं वेळापत्रक समोर ठेवा, आपल्या उत्साहाचं नव्हे.

पहिली तीन मिनिटं काही गाऊ नका, नुसता तानपुरा ऐका. पुढची आठ मिनिटं सा, मग मंद्रात नी, ध, प असं एकेक स्वरानं उतरत खर्जाचा रियाज, हलक्या आवाजात. हनुवटी वर जात नाही ना हे बघायला हनुवटीला दोन बोटं टेकवून ठेवा. "आ" म्हणताना जबडा डावी-उजवीकडे सहज हलवता आला पाहिजे. अडकत असेल तर जिभेच्या मुळाशी ताण आहे. मग आठ मिनिटं अलंकार: सारेग, रेगम, गमप, आणि तसंच खाली सांनिध, निधप. लय मिनिटाला ६० मात्रा, एका मात्रेत एक स्वर. तीन वेळा ओळीनं स्वच्छ आलं तरच ५ मात्रांनी वाढवा, आणि एकदा जरी अडखळलात तरी परत मागे या. उरलेली सहा मिनिटं बंदिशीची.

मोठी माणसं इथे एक गोष्ट हमखास करतात: अलंकार समजला, म्हणजे झाला असं समजतात. समज चटकन येते, हा वयाचा फायदा. पण गळ्याला समज नसते, त्याला फक्त पुनरावृत्ती कळते. पहिलीतल्या मुलीला जो अलंकार दोन आठवड्यांत बसेल तो तुम्हाला पाच आठवडे घेईल, आणि रागाचा भाव कुठला आहे हे मात्र तुम्हाला तिच्याआधी पाच वर्षं कळेल.

हवामानाचं आपल्या गावात वेगळं बघावं लागतं. मे महिन्यात लू सुटली की सकाळी साडेपाच-सहा सोडून गाऊ नये. कूलर चालू ठेवून रियाज करू नका. त्याच्या घरघरीत तानपुऱ्याची लाट ऐकू येत नाही, आणि खसाच्या जुन्या ओल्या टाट्यांवर बुरशी असली तर घसा हमखास धरतो. सीझनच्या सुरुवातीला टाट्या बदला. जानेवारीत हीटर लावलेल्या खोलीत हवा कोरडी होते; तिथे एक पातेलं पाणी उघडं ठेवलं तरी फरक पडतो. प्यायला कोमट पाणी, दिवसभर थोडं-थोडं. रियाजाच्या पाच मिनिटं आधी गटागट प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना भिजवत नाही, ते शरीरातून पोचायला वेळ लागतो. तानसेनांच्या समाधीपाशी जी चिंच आहे तिचं पान श्रद्धेनं जरूर खावं. गळ्यासाठी मात्र रात्रीचं जेवण लवकर आणि झोप पुरेशी, हे औषध. रात्री उशिरा जड जेवून झोपणाऱ्याचा घसा आम्लपित्तानं सकाळी खरखरतो, आणि तो माणूस दोष रियाजाला देतो. खरखर दोन-तीन आठवडे गेली नाही किंवा गाताना दुखू लागलं तर रियाज बंद करून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखणं सोसून गाण्यात कुठलंही धैर्य नाही.

बंदिश विसरणं हा वेगळा त्रास. वही समोर ठेवून वीस वेळा गायल्यानं ती पाठ होत नाही. वही मिटा आणि आठवायचा प्रयत्न करा, अडलं तरच उघडा. मग दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, पंधरवड्यानं पुन्हा वहीशिवाय. आठवताना जी ओढाताण होते तीच पाठ करून घेते.

पहिला राग भूप असेल तर पाचच स्वर आहेत म्हणून सोपा समजू नका. सा रे ग प ध, वादी म्हणजे सर्वांत महत्त्वाचा स्वर गंधार. धैवतावर जास्त रेंगाळलात की तेच पाच स्वर देशकार या दुसऱ्या रागाकडे वळतात. ग्वाल्हेर घराण्याची एक बाजू मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला फार सोयीची आहे: यमन, बिलावल, हमीर, केदार असे ओळखीचे राग, बंदिशीची स्थायी-अंतरा आधी पूर्ण मांडायची पद्धत, आणि विलंबितही मोजता येईल इतपतच संथ. तिलवाडा तालाच्या सोळा मात्रांत आपण कुठे आहोत हे नवशिक्याला समजू शकतं. अतिविलंबितात चांगले-चांगले हरवतात.

सम चुकण्याची भीती

बेसूर होण्यापेक्षाही तबल्याबरोबर गाताना सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, चुकेल याची मोठ्यांना जास्त धास्ती असते. यावर एकच उपाय आहे आणि तो पायरी-पायरीनं करायचा आहे.

त्रिताल घ्या: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली, म्हणजे हात बाजूला. आठवडाभर फक्त हातानं ताल धरून बोल म्हणा, स्वयंपाक करताना, गाडी लागायची वाट बघताना, कुठेही. दुसऱ्या आठवड्यात हात तसाच चालू ठेवून बोलांऐवजी बंदिशीचे शब्द म्हणा, सूर नको. मध्यलयीतल्या पुष्कळ बंदिशी खालीपासून उठतात, म्हणजे पहिला शब्द नवव्या मात्रेवर आणि सम आठ मात्रांनंतर. पहिला शब्द म्हणजे सम, असं धरून चालणारा माणूस तिथेच चुकतो. तिसऱ्या आठवड्यात सूर लावा. चौथ्यात मुद्दाम हरवून बघा: मध्येच गाणं थांबवा, हात चालू ठेवा, आणि पुढच्या खालीला मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, पकडून परत या. हे परत येणं जमलं की धास्ती ओसरते. मैफलीत मोठ्या गवयांचीही एखादी सम हुकते; ते पुढच्या आवर्तनात मुखड्यावर येऊन बसतात, बस.

गुरू आणि घर

शिकवणारी ताई अठ्ठावीस वर्षांची असू शकते आणि शिकणारे काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. वीस वर्षं ज्यांनी सूचना दिल्या त्यांना "पुन्हा म्हणा" हे अकराव्यांदा ऐकणं जड जातं. वयानं लहान गुरूच्या पाया पडायचं की नाही या अडचणीवर आपल्याकडे चांगला रिवाज आहे: तानपुऱ्याला नमस्कार करून बसावं. बाकी शिकवणीत वय आणू नये, दोघांनीही.

गुरू निवडताना नाव आणि मैफलींची यादी बघू नका. एक तास समोर बसून बघा. तुमच्या पट्टीत शिकवायला तयार आहेत का? चूक झाल्यावर "चुकलं" एवढंच म्हणतात की "निषाद उतरला, श्वास लवकर संपला" असं सांगतात? पहिला महिना नुसत्या सावर घालवायची त्यांची तयारी आहे का? तीनही गोष्टी असतील तर फी थोडी जास्त असली तरी तिथेच जा. ऑनलाईन शिकवणीत आवाज थोडा उशिरा पोचतो, त्यामुळे गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही. रेकॉर्डिंग पाठवून दुरुस्ती घ्यायला ती चांगली, पहिल्या सहा महिन्यांच्या स्वरलगावाला समोरासमोर बसणंच बरं.

घरात चोरून रियाज करू नका. दार बंद करून, दबक्या आवाजात गाणाऱ्याचा गळा दबलेलाच तयार होतो, आणि कुणी ऐकेल ही भीती रोज पंचवीस मिनिटं पोसली जाते. पहिल्याच दिवशी सासूबाईंना, मुलांना, शेजारच्यांना सांगून टाका: "रोज साडेसहा ते सात मी गाणार आहे. वर्षभर वाईट ऐकू येईल. चालेल ना?" असं विचारल्यावर नाही म्हणणारी माणसं फार थोडी. कुणी हसलं तर हसू द्यावं. पंधरा दिवसांत त्यांना ऐकू येणंच बंद होतं, कुकरच्या शिट्टीसारखं.

लोकांसमोर

भीतीचा एक स्वभाव आहे. तिच्यासमोरून पळालं की त्या क्षणी हायसं वाटतं, आणि पुढच्या वेळी ती जास्त मोठी होऊन येते. तिच्यासमोर थांबलं, छाती धडधडत असतानाही पाच-सात मिनिटं गात राहिलं, की ती आपोआप उतरायला लागते, आणि पुढच्या वेळी थोड्या खालच्या पायरीवरून सुरू होते. म्हणून पायऱ्या लहान ठेवाव्यात, पण एकही गाळू नये. आधी रेकॉर्ड करून ते गुरूंना पाठवणं. मग घरातल्या एका माणसासमोर, त्याच्याकडे तोंड करून. मग क्लासच्या गुरुपौर्णिमेला, जिथे समोर बसलेले सगळेच शिकणारे असतात. मग भजनी मंडळ, हळदीकुंकू. त्यानंतर मंडळाच्या गणेशोत्सवातली दहा मिनिटं. एकेका पायरीवर तीन-चार वेळा गा, धडधड निम्मी झाली की वर चढा. थेट गणपतीत गाऊन, घसरून, पेटी पुन्हा कपाटावर गेलेली उदाहरणं कमी नाहीत.

त्या दहा मिनिटांत काय होतं हे आधी माहीत असावं. शरीर घाबरलं की तोंड कोरडं पडतं, श्वास वर छातीत अडकतो, स्वरयंत्र वर सरकतं आणि लय पळायला लागते. घरी सहज म्हणत होतो त्यापेक्षा वेगात आपण सुरू केलंय हे चौथ्या आवर्तनात कळतं. म्हणून तबलजींना "मध्यलय" असं सांगू नका. मुखडा हव्या त्या लयीत दोनदा म्हणून दाखवा आणि ठेका त्यांना धरू द्या. पट्टी रोजचीच ठेवा, त्या दिवशी चांगलं वाजावं म्हणून अर्ध्या पट्टीनं चढवू नका. पहिला सा नेहमीपेक्षा लांब लावा, डोळे मिटून, लाट थांबेपर्यंत. तेवढ्यात श्वास खाली उतरतो. बडा, म्हणजे विलंबित लयीतला, ख्याल पहिल्या वेळी नको. थोडा आलाप, छोटा ख्याल स्थायी-अंतरा, चार आलापी, दोन-तीन सरळ ताना, आणि उठा. घड्याळात आठ मिनिटं झाली तरी पुरे. जेवण दोन तास आधी, दही-बासुंदी नंतर.

कुणीतरी रेकॉर्डिंग केलेलं असतं आणि त्याच रात्री ग्रुपवर टाकलेलं असतं. ते लगेच ऐकू नका, धडधड अजून अंगात असते आणि त्यात फक्त चुकाच ऐकू येतात. चार दिवसांनी ऐका, वही घेऊन: कुठे सूर उतरला, कुठे लय पळाली, आणि कोणता स्वर बरोबर बसला. तिन्ही लिहा आणि ते पान पुढच्या तालमीला घेऊन जा.